एक रंग, एक दगड: पॅरिसच्या नाटकांची रंगीत पोस्टरं

राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीचं जुनं छापील चित्र कुणाच्या देवघरात असेल, तर एकदा भिंग घेऊन तिच्या गालाकडे बघा. लांबून सलग, तुकतुकीत दिसणारी त्वचा जवळून ठिपक्यांची निघते. गुलाबी ठिपके, त्यांच्या आडून डोकावणारे पिवळे, कडेला थोडे निळसर. हे ठिपके यंत्राने पाडलेले नाहीत. कुणीतरी दगडावर वाकून ते हाताने काढलेले आहेत.

रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅरिसमधल्या एका छापखान्यात दोन मीटरहून उंच अशी एक बाई कागदावर उतरत होती. ती सारा बर्नार, त्या काळातली फ्रान्सची सर्वांत गाजलेली नटी, आणि ते तिच्या 'झिस्मोंदा' नाटकाचं पोस्टर. लक्ष्मी आणि झिस्मोंदा यांची छपाईची युक्ती एकच. हेतू मात्र नेमके उलटे. लक्ष्मी छापणाऱ्याला आपलं चित्र तैलचित्र वाटायला हवं होतं, म्हणून त्याने छपाईच्या खुणा लपवल्या, वरून वार्निशचा हात दिला. पॅरिसच्या पोस्टरवाल्यांनी छपाई लपवली नाही, तिच्यातूनच चित्राचं रूप घडवलं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी दगडाकडे जावं लागतं.

दगडावरून छापायची ही युक्ती शोधणारा माणूस नाटकवालाच होता. अलोइस झेनेफेल्डर हा नटाचा मुलगा, स्वतः नाटकं लिहिणारा, राहणारा म्युनिकचा. आपली नाटकं छापून घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून स्वस्तात छापायची काहीतरी तोड तो शोधत होता. तांब्याचे पत्रे महाग, म्हणून उलटी अक्षरं काढायचा सराव तो बव्हेरियातल्या गुळगुळीत चुनखडी दगडावर करी. १७९६ साली एकदा आईने धोबिणीला द्यायच्या कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितलं. हाताशी कागद नव्हता. त्याने मेण, साबण आणि काजळीच्या शाईने ती यादी दगडावरच लिहिली. ही गोष्ट त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यानंतर दोन वर्षं धडपडून १७९८ च्या सुमाराला त्याने शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफीची, खरी किल्ली पकडली.

ती किल्ली म्हणजे तेल आणि पाणी यांचं न जमणं. भजी काढून ठेवलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की त्या जागेला पाणी धरत नाही. एवढंच. बाकी सगळ्या छपाईत उंचसखल भाग लागतो: शिक्क्याची अक्षरं वर आलेली असतात, तांब्याच्या पत्र्यावर रेघा खोल कोरलेल्या असतात. शिळाछापात दगड सपाट तो सपाटच राहतो, काम करतं ते रसायन.

दगड चुनखडीचा, म्हणजे आपल्या शहाबादी फरशीच्या नात्यातला, पण त्याचा दाणा कितीतरी बारीक. सर्वांत नावाजलेला दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतला. आधी दोन दगडांमध्ये वाळू आणि पाणी घालून ते एकमेकांवर घासतात, म्हणजे पृष्ठभाग एकसारखा खरखरीत होतो. मग तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने त्यावर चित्र काढायचं. खडूचं टोक दगडाच्या बारीक उंचवट्यांवरच टेकतं, त्यामुळे रेघ आपोआप दाणेदार उमटते. ही दाणेदार रेघ शिळाछापाची खूण. नंतर डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल मिसळून ते दगडावर फिरवतात. त्यामुळे कोऱ्या भागाला पाणी धरून ठेवायची सवय लागते आणि तेलकट भाग तेलकटच राहतो. आता दगड ओला करा आणि वरून शाईचा रूळ फिरवा. शाई तेलाची, म्हणून ओल्या भागाला ती शिवत नाही, चित्राच्या रेघांवर मात्र चिकटते. कागद ठेवून दाब दिला की प्रत तयार. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद.

आपल्याकडेही हे तंत्र लवकर आलं. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग शिळाछापावरच काढलं. देवनागरीचे खिळे पाडायची कटकट नाही, वळणदार हाताने लिहिलं की तसंच्या तसं छापून येतं. पॅरिसच्या चित्रकारालाही नेमकं हेच सुख होतं: मध्ये कोरणारा कारागीर नाही, हाताची रेघ ती छापील रेघ. एवढंच की छापताना चित्र उलटं होतं, म्हणून दगडावर सगळं आरशातल्यासारखं काढावं लागे, अक्षरंसुद्धा.

आता रंग. शाईचा रूळ दगडावर फिरतो तेव्हा एका वेळी एकच शाई लागते. लाल हवा असेल तर लाल भागांपुरतं चित्र एका दगडावर, पिवळ्याचं दुसऱ्यावर, काळ्याचं तिसऱ्यावर. छापील साडीवर जसा प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, तसंच. तोच कागद प्रत्येक दगडाखालून एकेकदा जातो आणि शेवटी सगळे थर मिळून चित्र होतं. फ्रान्समधल्या म्युलूझ गावच्या गोदफ्रोआ एंगेलमान याने १८३७ मध्ये या रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं.

ऐकायला सोपं, करायला जिकिरीचं. आधी बाह्यरेषेचा मुख्य दगड तयार होतो. त्याची एक प्रत काढून तिच्यावर लाल भुकटी टाकतात आणि ती प्रत उरलेल्या प्रत्येक दगडावर दाबतात. भुकटीत तेल नसल्यामुळे ती छापून येत नाही, पण कुठल्या रंगाची हद्द कुठे हे काढणाऱ्याला कळतं. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून कडेला फुल्या काढलेल्या असतात. कागद ओलीने थोडा ताणला, एखाद्या केसाएवढा सरकला, की ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. जुन्या पोस्टरांच्या काही प्रतींत असा सरकलेला रंग अजून दिसतो. मला त्या प्रती फार आवडतात, कारण तिथे छापणाऱ्या माणसाचा हात दिसतो.

शिवाय दगडाचं वजन. एक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर जाड चुनखडीचा दगड सुमारे दोनशे किलो भरतो. असा प्रत्येक रंगाला एक. दगड वाढला की मजुरी वाढली, यंत्राचे तास वाढले, शाई वाळायची वाट बघणं वाढलं, चूक व्हायच्या जागा वाढल्या. तैलचित्राची हुबेहूब नक्कल करायची तर डझनभर दगडही पुरत नसत. देवघरात किंवा दिवाणखान्यात वर्षानुवर्षं टांगायच्या चित्राला तो खर्च परवडतो. नाटकाचं पोस्टर खळीने भिंतीवर चिकटणार, आठवडाभरात त्यावर दुसरं बसणार. त्याला बारा दगड कोण देईल?

या प्रश्नाचं उत्तर झ्यूल शेरे याने शोधलं. तो १८३६ साली पॅरिसमध्ये जन्मला आणि तेराव्या वर्षी शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. संगीतकार ओफेनबाखच्या ऑर्फियसवरच्या ऑपेरेटासाठी, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकासाठी, त्याने १८५८ मध्ये रंगीत पोस्टर केलं, ते नावाजलंही गेलं, पण त्यानंतर कामं येईनात. तो लंडनला गेला. तिथे मोठी यंत्रं पाहिली, मोठ्या दगडांवर काम केलं, रिमेल नावाच्या अत्तरवाल्यासाठी लेबलं काढली. त्याच रिमेलच्या पैशाने १८६६ मध्ये त्याने पॅरिसला येऊन स्वतःचा छापखाना टाकला.

त्याची युक्ती बहुतेक तीन दगडांची. एकावर काळी बाह्यरेषा. दुसऱ्यावर झळझळीत लाल. तिसऱ्यावर पार्श्वभूमी, आणि खरी गंमत या तिसऱ्यात आहे: एकाच रुळावर वर निळी आणि खाली पिवळसर शाई लावायची, म्हणजे मध्ये त्या आपोआप एकमेकींत विरघळतात आणि एकाच फेऱ्यात आकाशापासून जमिनीपर्यंतची छटा मिळते. एका दगडात दोन रंग आणि त्यांच्यामधल्या सगळ्या छटा! शिवाय शाया थोड्या पारदर्शक, त्यामुळे एकावर एक बसल्या की तिसरा रंग तयार होतो. पिवळ्यावर निळ्याचे ठिपके आले की हिरवा, लालावर पिवळा आला की नारिंगी. पुढे पुढे तर त्याने काळी रेघही बाजूला ठेवून गडद निळी वापरली, त्यामुळे चित्र आणखी हलकं, उजेडात न्हालेलं दिसू लागलं. अशी हजाराहून जास्त पोस्टरं त्याच्या हातून झाली. १८९० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला लेजियों द ऑनर हा मानाचा किताब दिला, तो व्यापारी छपाईला कलेची जोड दिली म्हणून. भिंतीवर चिकटणाऱ्या कागदासाठी असा मान मिळतो, याचं त्या काळी पुष्कळांना नवल वाटलं असणार.

पण नुसती युक्ती असून भागत नाही, भिंतही लागते. त्याआधीची नाट्यगृहांची पोस्टरं म्हणजे खिळ्यांनी जुळवलेल्या अक्षरांची दाटी: नाटकाचं नाव, नटांची यादी, वेळ, दर. फ्रान्समध्ये पांढरा कागद सरकारी जाहीरनाम्यांसाठी राखीव होता, म्हणून बाकीच्यांना रंगीत कागद घ्यावा लागे. रस्त्यावर ती लावायला हक्काची जागा झाली १८६८ मध्ये, जेव्हा गाब्रिएल मोरिस या मुद्रकाला पॅरिसच्या फुटपाथांवर गोल खांब उभारायची परवानगी मिळाली. डोक्यावर छत्रीवजा घुमट असलेले हे खांब खास नाटकांच्या जाहिरातींसाठी. बर्लिनमध्ये एर्न्स्ट लिटफास याचे असे खांब १८५५ पासूनच होते. मग २९ जुलै १८८१ चा वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा कायदा आला आणि पोस्टर लावणं जवळजवळ मोकळं झालं. नको असेल त्या मालकाने भिंतीवर तसं लिहावं, अशी सोय झाली. पॅरिसच्या जुन्या इमारतींवर 'जाहिराती लावण्यास मनाई, कायदा २९ जुलै १८८१' ही ओळ आजही वाचायला मिळते.

या मोकळ्या भिंतींवर १८९३ मध्ये लोई फुलर नाचली. ही अमेरिकन नर्तिका फोली-बेर्जेर या रंगमंदिरात कित्येक वार रेशीम अंगाभोवती घुमवायची आणि त्यावर विजेच्या दिव्यांचे बदलते रंग पडायचे. नाच एक, पण क्षणाक्षणाला दुसऱ्या रंगाचा. आता हे छापील कागदावर कसं दाखवणार? शेरेने चित्र एकच ठेवलं आणि शाया बदलल्या. दगड तेच, पण एका खेपेला एक रंगसंगती, दुसऱ्या खेपेला दुसरी. अशा चार रंगांतल्या प्रती निघाल्या. एकाच रस्त्यावर त्या वेगवेगळ्या रंगांत लागल्या की चालणाऱ्याला रंगमंचावरचा दिवाच बदलल्यासारखं वाटत असेल. नव्या दगडाचा खर्च शून्य. मला विचाराल तर शिळाछापाचा इतका नेमका उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

चित्रकार तुलूझ-लोत्रेक याची वाट वेगळी. शेरेच्या चित्रांतल्या बायका हवेत तरंगतात, लोत्रेकची माणसं जड, थकलेली, खरी. १८९१ च्या डिसेंबरात मूलां रूझ या नृत्यगृहासाठी त्याने पहिलं पोस्टर केलं. सुमारे १९० सेंटिमीटर उंच, चार रंग, अंदाजे ३,००० प्रती. इथे हिशेब करून बघा: तीन हजार कागद चार वेळा यंत्रात, म्हणजे निदान १२,००० फेऱ्या. शिवाय एवढा मोठा दगड मिळत नसल्याने चित्र तुकड्यांत छापून भिंतीवर जोडायचं, म्हणजे फेऱ्या त्याहूनही जास्त.

त्या पोस्टरमध्ये मध्यभागी ला गुल्यू ही नर्तिका पाय उंचावते आहे. पुढे तिचा जोडीदार वालांतँ, करड्या सावलीसारखा. मागे प्रेक्षकांची एक सलग काळी रांग, त्यात चेहरे नाहीत, फक्त टोप्यांच्या कडा. पिवळे गोल दिवे. आणि सगळ्या चित्रात डोळ्यात भरतो तो तिचा पांढरा परकर, जिथे चार रेघा सोडल्या तर काहीच छापलेलं नाही. तो नुसता कोरा कागद आहे! सर्वांत उजळ जागेला शाई लागलीच नाही. दगड मोजून वापरायची शिस्त असल्याशिवाय हे सुचत नाही. करड्या छटांसाठीही त्याने वेगळे दगड मागितले नाहीत. टूथब्रश शाईत बुडवून तो दगडावर शिंतोडे उडवी. शिंतोडे विरळ तर छटा फिकी, दाट तर गडद. जपानी ठशांची चित्रं तेव्हा पॅरिसमध्ये आवडीने जमवली जात होती, आणि सपाट रंग, जाड बाह्यरेषा, अर्धवट कापलेल्या आकृती हे लोत्रेक त्यांच्यातूनही शिकला. जपानी चित्रातही प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा असतो, म्हणून ती शिकवण दगडाला लगेच लागू पडली.

कापलेली आकृती म्हणजे काय, ते बघायचं तर 'दिव्हाँ जापोने' या गाण्याच्या कॅफेसाठी त्याने केलेलं १८९३ चं पोस्टर बघावं. समोर काळ्या पोशाखात नर्तिका झान आव्रिल बसलेली. मागे रंगमंचावर इव्हेट गिल्बेर गाते आहे, पण तिचं डोकं चित्राच्या वरच्या कडेने चक्क छाटलं आहे. तरी ती कोण हे पॅरिसला कळलं, कारण कोपरापर्यंतचे ते लांब काळे हातमोजे तिचेच. गाणारीचं तोंडच न दाखवता गाण्याच्या जागेची जाहिरात करायची, याला धाडस लागतं. त्याच वर्षी लोत्रेकने एका चित्रसंचाच्या मुखपृष्ठावर छापखानाच काढला: मागे कोतेल नावाचे वयस्क मुद्रक हातयंत्रावर राबत आहेत आणि पुढे झान आव्रिल नुकतीच निघालेली प्रत हातात धरून निरखते आहे. पोस्टर करणाऱ्याला छापणारा माणूस इतका मोलाचा वाटावा, हे मला फार भावतं.

आणि आता झिस्मोंदा. चित्रकार आल्फोन्स मुखा मोराव्हियातला, म्हणजे आजच्या चेकियातला, वय चौतिशीचं, पॅरिसमध्ये पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरणारा. १८९४ च्या नाताळात सगळे चित्रकार सुट्टीवर असताना सारा बर्नारला ताबडतोब पोस्टर हवं झालं आणि लमेर्सिएच्या छापखान्यात हजर असलेल्या मुखावर ते काम आलं, असं सांगतात. सार्दूचं हे नाटक थिआत्र द ला रनेसांसमध्ये ऑक्टोबरअखेर सुरू झालं होतं, नव्या वर्षात ते पुन्हा लागायचं होतं. १ जानेवारी १८९५ ला पोस्टर भिंतींवर आलं. उंची साधारण २१६ सेंटिमीटर, रुंदी फक्त ७४. म्हणजे जवळपास दाराच्या मापाचं, दोन कागद जोडून केलेलं, आणि माणसाच्या आकाराची बाई त्यात उभी. शेरेचा भडक लाल-पिवळा नाही. फिके, मळलेल्या सोन्यासारखे रंग, डोक्यावर फुलांचा साज, हातात झावळी, मागे चर्चमधल्या रंगीत खड्यांच्या भिंतीसारखी नक्षी. रस्त्यावरच्या ओरडणाऱ्या पोस्टरांमध्ये हे एकटंच हळू आवाजात बोलत होतं, आणि लोक थांबले. बर्नारने मुखाशी सहा वर्षांचा करार केला. 'हॅम्लेट'पर्यंत तिची पोस्टरं त्याने केली. १८९६ मध्ये तिच्या अमेरिका दौऱ्यासाठी सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीने याच झिस्मोंदावरून बेतलेलं पोस्टर छापलं.

लोक नुसते थांबले नाहीत, काहींनी रात्री ब्लेडने ती पोस्टरं भिंतीवरून सोडवून नेली. पोस्टर चिकटवणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून कोरी प्रत मिळवणारेही होते. या वेडाला लेखक ऑक्ताव्ह युझान याने १८९१ मध्येच 'आफिशोमानी', म्हणजे पोस्टरवेड, असं नाव देऊन ठेवलं होतं. १८९५ ते १९०० या काळात शेरेच्या देखरेखीखाली निवडक पोस्टरांच्या छोट्या आवृत्त्यांची मालिका निघाली, दर महिन्याला चार, अधूनमधून एखादी भेट म्हणून, एकूण २५६. आज आपल्याला यांतली कितीतरी चित्रं माहीत आहेत ती या हौशी मंडळींमुळे. भिंतीवरच्या प्रती पावसाने, उन्हाने, पुढच्या पोस्टराने केव्हाच संपवल्या. कागदही स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा, त्याला स्वतःच्याच आम्लाने पिवळेपणा येतो. म्हणून टिकलेल्या बहुतेक प्रती मागून कापड लावून सांभाळलेल्या असतात.

संग्रहालयात किंवा कुणाच्या घरी असं पोस्टर समोर आलं तर पुन्हा भिंग काढा. अलीकडच्या ऑफसेट प्रतीत चार रंगांचे एकसारखे ठिपके शिस्तीत, छोट्या फुलांच्या आकारात मांडलेले दिसतात. दगडावरच्या प्रतीत तशी शिस्त नसते: कुठे खडूचा दाणा, कुठे ब्रशचा सलग फटका, कुठे वेडेवाकडे शिंतोडे. कडेला कापून टाकायची राहिलेली एखादी फुली सापडली तर फारच छान. दगडापर्यंत मात्र पोचता येणार नाही. इतका महाग दगड कोण बाजूला ठेवणार? प्रती निघाल्या की त्यावर वाळू आणि पाणी घालून दुसरा दगड फिरवत, चित्र पुसलं जाईपर्यंत. आणि त्याच जागी पुढच्या नाटकाचं चित्र काढायला घेत.